अरणगावचे मौन, पश्चिमेचे गाणे

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात, अटलांटिकच्या किनाऱ्यावर, मर्टल बीच नावाचे गाव आहे. तिथे सुमारे 500 एकर जंगलात 1952 साली सुरू झालेले मेहेर स्पिरिच्युअल सेंटर आहे. तिथे येणाऱ्या बहुतेकांना मराठीचे अक्षर येत नाही, पण 'मंडळी' हा शब्द त्यांच्या तोंडी रोजचा आहे. आपण तो पंगतीत वापरतो, कीर्तनात ऐकतो, 'घरच्या मंडळींना घेऊन या' म्हणतो. त्यांच्या लेखी मंडळी म्हणजे मेहेरबाबा या मौन पाळणाऱ्या गुरूंच्या अवतीभवती आयुष्य काढलेली माणसे. सहवास, दर्शन, धुनी, प्रसाद, आरती हे शब्दही असेच तिथे रुळले आहेत. हे सगळे तिथवर गेले ते नगर-दौंड रस्त्यावरच्या अरणगावातून.

पूर्वेच्या विचाराने पश्चिमेचे आधुनिक जगणे किती बदलले, हा प्रश्न निघाला की पहिली नावे येतात ती ताओ, झेन आणि योगाची. ताओवर तर ग्रंथांचा ढीग आहे. अहिल्यानगर, म्हणजे आपल्या नगर, जिल्ह्यात राहून हा प्रश्न विचारायचा असेल तर मात्र आपल्या हाताशी एक वेगळे, आपल्या मातीतले आणि तारीखवार तपासता येईल असे उदाहरण आहे. या लेखात मी त्याचाच आढावा घेणार आहे आणि ताओला शेजारी बसवून घेणार आहे. कारण ताओ पश्चिमेला गेला तो ग्रंथाच्या वाटेने आणि मेहेरबाबा गेले ते माणसांच्या वाटेने. वाट बदलली की पोहोचणारी वस्तूही बदलते, असे माझे मत हा विषय अभ्यासताना झाले आहे.

नगरला पश्चिमेचे वारे लागले ते 1831 च्या डिसेंबरात. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने पाठवलेले मिशनरी इथे आले, शाळा निघाल्या, पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा कवी याच मिशनच्या परिवारात नगरला नांदला. त्याला शंभर वर्षे होत असताना, 1931 मध्ये, प्रवास उलट दिशेने झाला. गोलमेज परिषदेसाठी गांधीजी 'राजपुताना' बोटीने इंग्लंडला निघाले. त्याच बोटीवर सदतीस वर्षांचे मेहेरबाबा होते. त्यांच्या मौनाला तेव्हा सहा वर्षे झाली होती. समुद्रावर दोघांच्या भेटी झाल्या. एक जण बोलून इंग्रजांना पटवायला निघाला होता आणि दुसरा न बोलता.

मेहेरबाबांचे मूळ नाव मेरवान शेरियार इराणी. त्यांचा जन्म 25 फेब्रुवारी 1894 चा, पुण्याचा. घर झरतुष्ट्री इराण्यांचे. शिक्षण सेंट व्हिन्सेंट शाळेत आणि डेक्कन कॉलेजात. 1913 मध्ये पुण्याच्या कॅम्पात कडुनिंबाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान या वृद्ध फकीर स्त्रीशी त्यांची गाठ पडली आणि कॉलेज मागे पडले. नंतर ते ज्यांच्याकडे गेले त्यांत शिर्डीचे साईबाबा आणि साकुरीचे उपासनी महाराज होते. हे दोघेही याच जिल्ह्यातले. इराणी घरातला मुलगा, मुसलमान फकीर बाई, हिंदू-मुसलमान दोघांनीही आपला मानलेला शिर्डीचा साधू आणि कर्मठ ब्राह्मण घराण्यातले उपासनी महाराज! आज आंतरधर्मीय संवादावर परिषदा भरतात. नगर जिल्ह्यात तो संवाद शंभर वर्षांपूर्वी चालत जाऊन, पाया पडून होत होता.

1923 मध्ये बाबा प्रथम अरणगावला आले. पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या लष्करी छावणीची ती पडीक जागा. दौंड-मनमाड लोहमार्गाच्या एका अंगाला सपाटी, दुसऱ्या अंगाला उघडाबोडका माळ आणि त्यावर छावणीची दगडी पाण्याची टाकी. हेच मेहेराबाद. 1925 मध्ये इथे दवाखाना आणि शाळा निघाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांतली मुलेही त्या शाळेत होती. त्याच वर्षी पाऊस नाही म्हणून गावकरी गाऱ्हाणे घेऊन आले, बाबांनी धुनी पेटवायला सांगितली आणि पाऊस आला, अशी आठवण सांगतात. ती धुनी आजही दर महिन्याच्या 12 तारखेला पेटते. दुष्काळी टापूत पावसाची आठवण कशी जपली जाते, हे नगरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

10 जुलै 1925 रोजी बाबांनी मौन धरले ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवीपर्यंत. साडेत्रेचाळीस वर्षे. सुरुवातीला ते लिहीत. जानेवारी 1927 पासून लिहिणेही थांबले. मग हातात एक पाटी आली. इंग्रजी मुळाक्षरे आणि आकडे रंगवलेली छोटी फळी. बाबांचे बोट अक्षरांवरून झरझर फिरे आणि जवळचा कोणीतरी मोठ्याने शब्द जुळवत जाई. जुन्या चित्रफितींत हे दिसते. बोट इतके चपळ की डोळ्यांना अक्षर सापडत नाही, आणि वाचणारा मात्र अडखळत नाही. 7 ऑक्टोबर 1954 पासून ती पाटीही सुटली आणि उरल्या त्या हातांच्या खुणा. न्यूयॉर्कच्या डॉड मीड प्रकाशनाने 1955 मध्ये काढलेला 'गॉड स्पीक्स' हा त्यांचा ग्रंथ पाटीवरून सांगितलेला आहे. एकेक अक्षर करत अख्खा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ सांगणे म्हणजे किती धीराचे काम, याची कल्पना स्वतः एक पान तसे सांगून बघितल्याशिवाय येत नाही. मी बघितले आहे. दहाव्या ओळीला बोट थकते आणि त्याहून आधी मन थकते. अनावश्यक शब्द आपोआप गळून पडतात.

इथे ताओ आठवतो. अंतिम सत्य शब्दांत मावत नाही, हा चिनी तत्त्वज्ञ लाओत्सेचा मुद्दा पश्चिमेला फार भावला. जेम्स लेग यांचे भाषांतर 1891 चे, आर्थर वेली यांचे 1934 चे, आणि त्यानंतर इतकी भाषांतरे झाली की 'ताओ ते चिंग' हा जगातल्या सर्वाधिक अनुवादित ग्रंथांपैकी एक ठरला. मात्र ग्रंथ गेला, गुरू गेला नाही. चीनमधली मंदिरे, पुरोहित, विधी, दीक्षेची परंपरा यांतले फारसे काही त्या ग्रंथाबरोबर गेले नाही. वाचकाने एकट्याने खोलीत बसून अर्थ लावायचा. त्यामुळे अर्थ लवचीक राहिला आणि ज्याला जसा हवा तसा वळला. त्यातले 'वू वेइ' म्हणजे ओढूनताणून न करता होणारे कर्म. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. शके 1212 मध्ये याच जिल्ह्यातल्या नेवाशाला सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीत कर्तेपणाचा अभिमान गळून होणाऱ्या कर्माचे विवेचन आहे आणि वारकरी ते पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आला आहे. पश्चिमेच्या बाजारात मात्र 'वू वेइ'चा अर्थ पातळ होत होत 'जे होईल ते होऊ द्यावे' इथवर आला. फ्रिट्जॉफ काप्रा यांच्या 1975 च्या 'द ताओ ऑफ फिजिक्स'मध्ये निदान एका शास्त्रज्ञाची तळमळ होती. बेंजामिन हॉफ यांचे 1982 चे 'द ताओ ऑफ पू' गोड आहे आणि त्यात समजही आहे. पुढे 'ताओ' हे नाव कशाच्याही मागे लागू लागले.

मेहेरबाबांच्या बाबतीत ग्रंथाआधी माणसे आली. 1932 मध्ये ते हॉलिवूडला गेले. मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या त्या काळच्या सर्वांत मोठ्या कलावंत दांपत्याच्या घरी त्यांचे स्वागत झाले. 13 जुलैला हॉलिवूड बोलमध्ये ते मौन सोडणार अशी घोषणा झाली आणि वर्तमानपत्रांनी ती उचलली. बाबा मात्र होनोलुलूमार्गे थेट चीनला, शांघाय आणि नानकिंगकडे निघून गेले. तारीख येऊन गेली, मौन सुटले नाही. हजारोंच्या जमावासमोर बोलायचे सोडून लाओत्सेच्या देशात न बोलता हिंडायला जाणे, ही घटना मला त्यांच्या सगळ्या प्रवासात अर्थपूर्ण वाटते.

यावर टीका झाली आणि ती नोंदवलीच पाहिजे. पॉल ब्रंटन हा इंग्रज पत्रकार 1930 मध्ये मेहेराबादला येऊन गेला होता. 1934 च्या 'अ सर्च इन सीक्रेट इंडिया' या पुस्तकात त्याने बाबांविषयी प्रतिकूल लिहिले. ते पुस्तक खूप खपले. मौन सोडण्याचे संकेत पुढेही अनेकदा दिले गेले आणि जगाला ऐकू येईल असा शब्द शेवटपर्यंत उच्चारला गेला नाही. बाबांनी स्वतःला अवतार म्हणवले. ते स्वीकारायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. मी इथे त्याचा निवाडा करत नाही. मला मोलाचा वाटतो तो या माणसाच्या संगतीने पश्चिमेच्या काही माणसांच्या आयुष्यात झालेला बदल. तो कागदोपत्री आहे, आणि तो पाहायला श्रद्धेची अट नाही.

मार्गारेट क्रास्क ही लंडनची बॅले शिक्षिका. इटालियन नृत्यगुरू चेकेट्टी यांच्या पद्धतीची ती अधिकारी जाणकार. दुसऱ्या महायुद्धाची वर्षे तिने बाबांच्या परिवारात भारतात काढली. पुढे ती न्यूयॉर्कला गेली आणि मेट्रोपोलिटन ऑपेराच्या बॅले शाळेत शिकवू लागली. तिच्याकडे शिकलेल्या नर्तकांत कॅरोलिन ब्राउन होती. ही कॅरोलिन ब्राउन वीस वर्षे मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यसंस्थेची प्रमुख नर्तकी होती. कनिंगहॅम आणि त्यांचे सहकारी संगीतकार जॉन केज हे रचना करताना नाणी उडवून, चिनी 'ई चिंग' ग्रंथाचा आधार घेत पुढचा क्रम ठरवत. 'मी ठरवतो' हा कर्तेपणा काढून टाकण्याची त्यांची ती रीत होती. केजची 1952 ची, एकही सूर न वाजवता साडेचार मिनिटे शांत बसण्याची रचनाही त्याच वळणाची. आता हे चित्र डोळ्यांपुढे आणा. न्यूयॉर्कमधली एक नर्तकी सकाळी अरणगावच्या माळावर राहून आलेल्या बाईकडून पाय कसा उचलायचा ते शिकते आणि दुपारी चिनी ग्रंथाच्या आधाराने रचलेले नृत्य करते. पश्चिमेच्या आधुनिक नृत्यात पूर्वेच्या दोन वाटा एकाच शरीरात अशा भेटल्या. इतिहासाच्या पुस्तकांत 'ई चिंग'ची वाट ठळक दिसते. क्रास्कची दिसत नाही, कारण ती शिकवण्यातून गेली, पुस्तकातून नाही.

अशी माणसे आणखीही होती. हेलन डाम ही स्विस चित्रकर्ती 1938 मध्ये मेहेराबादला आली. आज जिथे बाबांची समाधी आहे त्या खोलीच्या आतल्या भिंतींवर तिने चित्रे काढली. विल्यम डाँकिन हा इंग्रज डॉक्टर. 'मस्त' म्हटल्या जाणाऱ्या, ईश्वराच्या वेडात देहभान हरपलेल्या माणसांना शोधत बाबा हिंदुस्थानभर हिंडले. त्या भटकंतीची गावे, तारखा, माणसे यांची काटेकोर नोंद डाँकिनने 1948 च्या 'द वेफेअरर्स' या ग्रंथात केली. वेडा आणि साधू यांतला फरक एका डॉक्टरने इतक्या आपुलकीने तपासलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही. मनोविकारांच्या अभ्यासकांनी तो ग्रंथ वाचावा. फ्रान्सिस ब्राबझन हा ऑस्ट्रेलियन कवी पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझादला दहा वर्षे राहिला आणि हाफिजच्या वळणाने इंग्रजीत गझला लिहू लागला. चार्ल्स पर्डम हा इंग्लंडमधल्या उद्याननगर चळवळीतला कार्यकर्ता आणि संपादक. त्याने बाबांचे पहिले इंग्रजी चरित्र 1937 मध्ये लिहिले.

आणि या इंग्रजी बोलबाल्यात एक मराठी माणूस आहे, ज्याचे नाव आपल्याकडे क्वचित घेतले जाते. डॉ. चक्रधर धरणीधर देशमुख. रिझर्व्ह बँकेचे चिंतामणराव देशमुख ते वेगळे. हे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. नगरहून 1938 पासून 'मेहेरबाबा जर्नल' हे मासिक निघू लागले. त्यातली बाबांची प्रवचने, म्हणजे पाटीवरचे मुद्दे, नीट बांधीव इंग्रजीत आणण्याचे काम देशमुखांनी केले. 'डिस्कोर्सेस' या नावाने ती प्रवचने आज जगभर वाचली जातात. म्हणजे पश्चिमेने मेहेरबाबांचा जो विचार वाचला, त्याच्या वाक्यांना घाट दिला तो नागपूरच्या मराठी प्राध्यापकाने.

बाबांचे नाते मराठी मुलुखाशी तुटले नव्हते. 12 सप्टेंबर 1954 ला नगरच्या वाडिया पार्कवर त्यांचे मोठे दर्शन झाले. त्या आठवड्यांत युरोप-अमेरिकेतले पुरुष अनुयायी मेहेराबादला मुक्कामाला होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात गाडगे महाराजांच्या बोलावण्यावरून बाबा पंढरपूरला गेले. खराटा हातात घेऊन रात्रभर बोलणारे गाडगे महाराज आणि खुणांनी बोलणारे मेहेरबाबा, शेजारी शेजारी. 1955 च्या नोव्हेंबरात मेहेराबादला जो सहवास झाला, त्यात भाषांप्रमाणे गट केले होते. गुजराती, तेलुगू, हिंदी आणि मराठी. डॉन स्टीव्हन्स या अमेरिकन अनुयायाने 'लिसन ह्युमॅनिटी' या पुस्तकात त्या दिवसांचे वर्णन केले.

खरी कसोटी 1960 च्या दशकात आली. अमेरिकेतल्या विद्यापीठांतली हुशार मुले एलएसडी घेऊन ईश्वरानुभव मिळाल्याचे सांगू लागली. हार्वर्डचे टिमथी लिअरी त्यांचे पुढारी. 1966 मध्ये लिअरींनी 'ताओ ते चिंग' समोर ठेवून अमली द्रव्याच्या अनुभवासाठी प्रार्थनांचे पुस्तक काढले. ग्रंथाच्या मागे 'हा अर्थ नव्हे' असे म्हणणारे कोणी उभे नव्हते, म्हणून हे शक्य झाले. त्याच वर्षी मेहेरबाबांचे उत्तर 'गॉड इन अ पिल?' या छोट्या पुस्तिकेतून अमेरिकेत पोहोचले. गोळीतून मिळणारा अनुभव खरा नाही, आणि तो शरीराला, मनाला आणि अध्यात्मालाही घातक आहे, असे त्यांनी निःसंदिग्ध सांगितले. लिअरींचेच सहकारी रिचर्ड अल्पर्ट, म्हणजे पुढे 'राम दास' या नावाने ओळखले गेलेले, यांचाही बाबांशी पत्रव्यवहार झाला. काही तरुण रस्त्याने, मिळेल त्या वाहनाने मजल दरमजल करत भारतात आले आणि बाबांचा निरोप घेऊन परतले. तो निरोप असा : अमली द्रव्ये सोडा, आणि इतरांनाही सोडायला सांगा. त्यांतल्या काहींनी तेच आयुष्याचे काम केले.

माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. भारतीय अध्यात्म आणि नशा यांची जोडी त्या काळात पश्चिमेने घट्ट बांधली होती, आणि आपल्याकडच्या काहींनी ती सोयीने चालू दिली. ज्या पिढीकडून प्रसिद्धी, पैसा, शिष्य सगळे मिळू शकत होते, तिला न दुखावता गप्प राहणे सोपे होते. चाळीस वर्षे गप्प राहिलेला माणूस नेमका इथे गप्प राहिला नाही.

आता गाण्यांकडे येऊ. पीट टाउनसेंड हा 'द हू' या इंग्रज बँडचा गीतकार आणि गिटारवादक. 1967 मध्ये चित्रकार मित्र माइक मॅकइनर्नी याच्याकडून त्याला बाबांचे नाव कळले आणि त्याने अमली पदार्थ सोडले. 1969 चा 'टॉमी' हा त्याचा रॉक ऑपेरा एका मुक्या, बहिऱ्या, आंधळ्या मुलाचा आतला प्रवास सांगतो. त्या ध्वनिमुद्रिका-संचावर बाबांचे नाव आहे. 1971 मध्ये 'बाबा ओ'रायली' आले. त्यातला 'बाबा' म्हणजे मेहेरबाबा आणि 'रायली' म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. बाबांच्या आयुष्याचा तपशील यंत्रात भरला तर जे संगीत निघेल ते रायलीच्या शैलीतले असेल, अशी त्यामागची कल्पना. सुरुवातीला ऑर्गनचा जो ठेका स्वतःभोवती फिरत राहतो, तो ऐकताना जात्याची घरघर आठवते. आणखी एक जुळणी बघा. टेरी रायली स्वतः किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे ख्याल शिकला. म्हणजे या गाण्याच्या नावातले दोन्ही शब्द आपल्याच बाजूला वळतात. 12 ऑगस्ट 2012 ला लंडन ऑलिंपिकच्या समारोपात हे गाणे वाजले. अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'सीएसआय : न्यूयॉर्क' या मालिकेचे ते शीर्षकसंगीत होते. ऐकणाऱ्या कोट्यवधींपैकी नगर किती जणांना आठवले असेल?

टाउनसेंडची बाबांशी प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. तो 1972 मध्ये मेहेराबादला आला तेव्हा समाधी होती. त्याच वर्षी त्याने बाबांची 'परवरदिगार' प्रार्थना संगीतबद्ध केली. पुढे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तो पुन्हा व्यसनात सापडला आणि बाहेर आला. हे त्याने आत्मचरित्रात लपवलेले नाही. ही वाट सरळ नसते, एवढे त्यातून घ्यावे.

ताओचे गाणेही मुंबईत आले होते, हे थोडे बाजूचे असले तरी सांगायलाच हवे. जॉर्ज हॅरिसनने 'ताओ ते चिंग'च्या एका अध्यायावर 'द इनर लाइट' रचले. 1968 च्या जानेवारीत त्याचा वाद्यमेळ मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत, भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रित झाला. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया होते. चिनी विचार, मुंबईचा वाद्यमेळ, लंडनचा आवाज. ताओचा पश्चिमेवरचा प्रभाव शोधणाऱ्याला फोर्टातल्या त्या स्टुडिओचा पत्ता लिहून ठेवावा लागेल.

आता सर्वांत दूर पोहोचलेली गोष्ट, चार इंग्रजी शब्दांची. 'डोन्ट वरी, बी हॅपी.' बाबांच्या छायाचित्राखाली हे शब्द छापलेली भित्तिपत्रके आणि कार्डे अमेरिकेत फिरत होती. सॅन फ्रान्सिस्कोत मित्रांच्या घरी असे भित्तिपत्रक बॉबी मॅकफेरिन या गायकाने पाहिले आणि 1988 मध्ये गाणे केले. एकही वाद्य नाही, सगळे आवाज तोंडाचे. वाद्याविना गायलेले आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेले हे पहिले गाणे. त्याला ग्रॅमीही मिळाले. मेहेरबाबांच्या शिकवणीत मात्र या चार शब्दांच्या आधी एक भाग आहे : आपल्याकडून होईल तेवढे पूर्ण जीव ओतून करा. मग काळजी सोडा आणि आनंदात राहा. भित्तिपत्रकावर शेवटचा भाग राहिला, आधीचा सुटला. गाण्यातही तो शेवटचाच आला. त्याच साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारात ते वापरले गेले आणि खुद्द मॅकफेरिनला आक्षेप घ्यावा लागला. टी-शर्ट, कप, रिक्षाची पाठ, आता आपल्या एसटी स्टँडवरच्या दुकानातही ते लटकते.

माझा मुद्दा इथे येऊन ठरतो. 'वू वेइ'चे जे झाले तेच या चार शब्दांचे झाले. माणसापासून सुटलेले वाक्य फार लांब जाते आणि जाताना अर्धे होते. कष्टाचा भाग गळतो, आरामाचा उरतो. उलट क्रास्कच्या वर्गातून, डाँकिनच्या नोंदवहीतून, एलएसडी सोडलेल्या पोरांच्या पुढच्या आयुष्यातून जे गेले ते कमी लोकांपर्यंत गेले आणि पूर्ण गेले. पश्चिमेवर पूर्वेचा प्रभाव मोजताना आपण पहिल्या प्रकारचीच मोजणी करतो, कारण ती सोपी. दुसऱ्या प्रकारचा प्रभाव मला अधिक खरा वाटतो.

तो पाहायचा असेल तर 31 जानेवारीला अमरतिथीला मेहेराबादला जावे. मांडवात आंध्र-तेलंगणातले गट, उत्तर प्रदेशातली कुटुंबे, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन, इराणी, आणि अरणगाव-नगरचे लोक एका सतरंजीवर बसलेले असतात. भेटताना 'जय बाबा' म्हणतात. दुपारी बारा वाजता एक इशारा होतो आणि पंधरा मिनिटे हजारो माणसे गप्प बसतात. मी बसलो होतो तेव्हा माझ्या पुढे पांढऱ्या केसांची एक परदेशी बाई होती आणि तिच्या शेजारी नऊवारीतली, गुडघे पोटाशी घेतलेली आजी. मध्येच एक लेकरू रडले, आईने पदराखाली घेतले. खालून दौंडच्या बाजूची गाडी गेली, तिचा खडखडाट दूर होईपर्यंत ऐकू येत राहिला. सव्वाबाराला इशारा झाल्यावर आजीने त्या बाईला हात दिला, दोघी उठल्या. दोघींची भाषा एक नव्हती.

तिथल्या रहिवाशांत परदेशातून येऊन वर्षानुवर्षे स्थायिक झालेली माणसे आहेत. कोणी रुग्णालयाच्या कामात, कोणी दस्तऐवज सांभाळण्यात, कोणी झाडे जगवण्यात. बाबांनी 1959 मध्ये स्थापलेल्या न्यासातर्फे रुग्णालय आणि शाळा चालते. 2006 मध्ये यात्रेकरूंसाठी मोठे निवासस्थान झाले. 1831 ला बोस्टनहून माणसे आली ती शिकवायला. ही माणसे आली ती राहायला.

आपण मराठी लोकांनी मात्र हा विषय 'फॉरेनच्या लोकांचे काहीतरी' म्हणून बाजूला ठेवला. शिर्डीला जाताना लाखो गाड्या नगरवरून जातात, अरणगावला वळणाऱ्या थोड्या. बाबांवरचे बहुतेक मोठे लेखन इंग्रजीत आहे आणि पश्चिमेच्या अनुयायांनी आपल्या आठवणी जिवापाड जपून छापल्या आहेत. अरणगावची बाजू कोण लिहिणार? टेकडीवर पाणी कोणी वाहिले, त्या शाळेत बसलेल्या पोरांचे पुढे काय झाले, दवाखान्यात प्रथमच कोणीतरी हात लावून तपासले तेव्हा वस्तीवरच्या बाईला काय वाटले, 1954 ला वाडिया पार्कवर रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याने घरी जाऊन काय सांगितले, हे सगळे मराठीत आहे आणि अजून कागदावर आलेले नाही. ज्यांनी बाबांना डोळ्यांनी पाहिले ती अरणगाव, पिंपळगाव माळवी आणि नगरमधली माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. नगरच्या महाविद्यालयांतल्या इतिहास आणि मराठी विभागांना माझी कळकळीची विनंती आहे : मुलांच्या हाती ध्वनिमुद्रक द्या आणि या उन्हाळ्याच्या सुटीत त्यांना या गावांत पाठवा.